घाट चढणारी गाडी ट्रॅकवर हीट का होते?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी भाच्याचा फोन आला. मागे गाड्यांचा घोंघाट आणि माणसांचा गलका. "मामा, गाडी हीट झाली."

तो होता चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या ट्रॅकवर. पुण्याहून स्वतःच गाडी चालवत गेला होता. दोनशे हॉर्सपॉवरची टर्बो हॅचबॅक, जेमतेम दीड वर्षाची, सगळं सर्व्हिसिंग वेळेवर. चौथ्या फेरीत तांबडा दिवा लागला, गाडीचा जोर गेला आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबवायच्या जागेत, येईपर्यंत बॉनेटच्या फटीतून वाफ निघायला लागली.

"गणपतीनंतर परत जाताना चार माणसं बसली होती, डिकी नारळांनी भरलेली, एसी चालू. अख्खा कुंभार्ली घाट चढलो तरी सुई हलली नाही. आणि इथे एकटा बसलोय, रस्ता सपाट आहे. मग झालं काय?"

प्रश्न रास्त आहे. ट्रॅक डे म्हणजे फी भरून आपलीच गाडी बंद शर्यतमार्गावर पंधरा-वीस मिनिटं मनसोक्त पळवायची. नंबर लागत नाही, शर्यत नसते. हल्ली हौस वाढली तशी बॉनेट उघडून हताश उभ्या असलेल्या महागड्या गाड्यांची व्हिडिओही फिरू लागली आहेत. खाली हमखास कोणीतरी लिहितं, "यापेक्षा आपली लालपरी बरी." चिपळुणात गॅरेज चालवताना बावीस वर्षांत शेकडो तापलेल्या गाड्या मी उघडल्या आहेत, त्यातल्या बहुतेक घाटातून टो करून आणलेल्या. त्या अनुभवावरून सांगतो: घाटात तापलेली कार आजारी असते, पण ट्रॅकवर तापलेली कार अगदी ठणठणीत असू शकते. हे कसं, ते बघू.

इंजिन म्हणजे न्हाणीतला बंब

कोकणातल्या घरात वाढलेल्याला इंजिनाची रचना वेगळी शिकवावी लागत नाही. तांब्याचा बंब आठवा. मधोमध नळी, तिच्यात सोडणं आणि करवंट्या पेटलेल्या, आणि नळीच्या सभोवती पाणी. इंजिनातही तेच आहे. मधे सिलिंडर, त्यात पेट्रोल जळतं, आणि सिलिंडरच्या भोवतीच्या पोकळीतून पाणी फिरतं. आतली ज्वाला दोन हजार अंशांच्या वर जाते. ज्या ॲल्युमिनिअमचं हेड (सिलिंडरच्या वरचा ठोकळा) आणि पिस्टन (सिलिंडरमध्ये वर-खाली होणारा दट्ट्या) बनवतात, ते ६६० अंशांनाच वितळतं. मग वितळत का नाही? भोवतीचं पाणी आणि तेल त्या धातूची उष्णता सतत ओढून नेतं म्हणून.

बंबातलं गरम पाणी आपण तोटीने काढतो आणि वरून गार ओततो. गाडीत पाणी तेच राहतं. पंप ते इंजिनातून समोरच्या रेडिएटरकडे ढकलतो. तिथे ते चपट्या नळ्यांतून जातं, नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांच्या जाळीतून वारा वाहतो आणि निवलेलं पाणी परत इंजिनात येतं. या पाण्यात ग्लायकॉल आणि गंज न चढू देणारी द्रव्यं मिसळलेली असतात, त्या मिश्रणाला कूलंट म्हणतात. मी पुढे नुसतं 'पाणी' म्हणेन.

शंभर रुपयांचं पेट्रोल जाळलं तर चाकं फिरवायला साधारण तीस-पस्तीस रुपयांचंच कामी येतं. जवळपास तेवढंच सायलेन्सरमधून गरम धूर होऊन जातं. उरलेलं पाण्यात आणि तेलात उतरतं. म्हणजे इंजिनाने जितकी ताकद काढली, जवळजवळ तितकीच उष्णता पाण्याला वाहून न्यावी लागते. पुढचा सगळा हिशेब एवढ्यावरच उभा आहे.

कटिंगचा ग्लास आणि अर्धा लिटर

घाट चढताना आपल्याला वाटतं, इंजिन किती मर मर मरतंय. दुसरा गिअर, आवाज चढलेला, वळणावर वळण. आता आकडे मांडू. माणसं, सामान आणि नारळ धरून गाडी १६०० किलोची. चढण ढोबळ मानाने ६०० मीटर. धरा, वीस मिनिटांत चढलो. एवढं वजन तेवढ्या वेळात तेवढं उचलायला लागतात साधारण साडेदहा हॉर्सपॉवर. टायरांचं घर्षण आणि एसी धरला तरी पंधरा-सोळा. गाडीची ताकद दोनशे! पूर्ण ताकदीच्या आठ टक्क्यांत ती कुंभार्ली चढली. आवाज मोठा होता, काम किरकोळ होतं.

सपाट हायवेवर ताशी १०० किलोमीटरने जायलाही अठरा-वीस हॉर्सपॉवर पुरतात. रोजच्या आयुष्यात आपण दोनशेतले पाऊणशेसुद्धा सलग अर्धा मिनिट वापरत नाही. ओव्हरटेक करताना पाच सेकंद, बस्स.

ट्रॅकवर मात्र वळणातून बाहेर आलं की ॲक्सिलरेटर पार तळाला, पुढच्या वळणापर्यंत. मग ब्रेक, वळण, पुन्हा तळाला. ब्रेक मारण्याचा वेळ धरूनही फेरीची सरासरी शंभर-एकशेदहा हॉर्सपॉवर पडते. घाटाच्या सातपट. आणि दम घ्यायला जागाच नाही.

पेट्रोलच्या भाषेत सांगतो. घाट चढताना ही गाडी मिनिटाला सुमारे शंभर मिलीलिटर पेट्रोल पिते, म्हणजे कटिंग चहाचा एक ग्लास. ट्रॅकवर मिनिटाला अर्धा लिटर. बंबात एक करवंटी टाकण्याच्या जागी पाच टाकायच्या, त्याही न थांबता. घरातला गीझर साधारण दोन किलोवॅटचा असतो. घाटात इंजिन सहा-सात गीझरइतकी उष्णता पाण्यात सोडतं, ट्रॅकवर तीसेक गीझरइतकी. ती सगळी बाहेर टाकायची एका खिडकीच्या तावदानाएवढ्या रेडिएटरमधून.

म्हणून म्हटलं, घाटात कार तापली तर ती आजारी असते. सहा गीझरची उष्णतासुद्धा तिला झेपत नाही, म्हणजे कुठेतरी पाणी गळतंय, पंखा बंद पडलाय, पंपाचा पट्टा तुटलाय किंवा रेडिएटर चोंदलाय. ट्रॅकवर तसं काही बिघडलेलं असायची गरज नाही.

पहिल्या फेरीत का नाही, चौथीतच का?

कारण इंजिन म्हणजे शे-सव्वाशे किलो धातू, पाच-सात लिटर पाणी आणि चार-पाच लिटर तेल. एवढं सगळं तापायला वेळ लागतो. पहिली फेरी या शिल्लकीवर निघते.

दुसरीही एक गोष्ट घडत असते. रेडिएटर किती उष्णता टाकतो, ते पाणी बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त गरम आहे यावर ठरतं. फरक दुप्पट तर टाकलेली उष्णता दुप्पट. त्यामुळे पाणी जसं तापत जातं, तसा रेडिएटरही जास्त काम करायला लागतो आणि शेवटी एका ठिकाणी जमा आणि खर्च जुळतो. सुई तिथे थांबते. ती १०५ वर थांबली तर तुम्ही दिवसभर खेळा. तिची थांबायची जागा १२८ असेल तर तिथे पोचण्याआधीच पाणी उकळायला लागतं.

यातूनच एक साधा नियम निघतो. तीच गाडी, तोच ट्रॅक, तोच चालवणारा असेल, तर बाहेरची हवा जितके अंश जास्त तितकेच अंश पाणी जास्त. दहा अंशांच्या हवेत १०४ वर स्थिरावणारी गाडी ३४ अंशांच्या हवेत १२८ कडे निघते. युरोपातल्या कुणीतरी "माझी गाडी तासभर पळवली, काही झालं नाही" असं सांगणारं व्हिडिओ टाकलं तर ते खोटं नसतं. ते फक्त थंडीत काढलेलं असतं. भाच्याने गाडी घेण्याआधी असली डझनभर व्हिडिओ पाहिली होती.

तिसरी अडचण पुढच्या गाडीची. समोरच्याच्या अगदी मागे चिकटून पळालं की आपल्या रेडिएटरला ताजा वारा मिळत नाही. त्याने ढवळलेली, मंदावलेली आणि त्याच्याच रेडिएटरने तापवलेली हवा मिळते. सरळ पट्ट्यावर अर्धी गाडी बाजूला काढून पळालात तरी फरक पडतो.

कुकरचं झाकण

पाणी १०० अंशांना उकळतं हे शाळेत शिकलो. मग १०५ किंवा ११० वर ते शांत कसं राहतं? कुकरमध्ये राहतं तसंच. रेडिएटरच्या किंवा टाकीच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला दिसेल. तो दाबाचा आकडा. कुकरच्या शिट्टीचाही दाब साधारण एवढाच असतो. एवढ्या दाबाखाली नुसतं पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही आणि निम्मं ग्लायकॉल असेल तर त्याच्याही थोडं वर जातं.

गरम गाडीचं झाकण उघडू नये ते यासाठीच. ११५ अंशांचं पाणी दाबाखाली गुमान बसलेलं असतं. झाकण फिरवलं की दाब गेला, आणि जे पाणी त्या क्षणापर्यंत पाणी होतं ते वाफ होऊन तोंडावर येतं. माझ्याकडे काम शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी मी माझा डावा हात दाखवतो. मनगटापासून कोपरापर्यंत कातडीचा रंग वेगळा आहे. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला घाई होती.

झाकणाचं रबर म्हातारं झालं की दाब टिकत नाही आणि उकळबिंदू खाली येतो. दोन-तीनशे रुपयांच्या या झाकणापायी मोठमोठी इंजिनं उघडावी लागलेली मी पाहिली आहेत. नवीन रेडिएटर घेण्याआधी झाकण बदलून बघा.

जे डॅशबोर्डवर दिसतच नाही

पाण्याबद्दल सगळे बोलतात. ट्रॅकवर जास्त गाड्यांचा घात तेल करतं असं माझं मत आहे. पिस्टनच्या पोटाला पाणी लागू शकत नाही, तिथे तेलच फवारलं जातं. क्रँकच्या बेअरिंगमध्ये तेल, टर्बोच्या दांड्यालाही तेल. ही सगळी उष्णता घेऊन ते खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत येतं, आणि बऱ्याच साध्या गाड्यांत तेल थंड करायला वेगळा रेडिएटर नसतो. रोजच्या वापरात तेल ९० ते ११० अंशांत असतं. ट्रॅकवर १३० च्या पुढे गेलं की ते पातळ होतं, दाब पडतो आणि धातू धातूला घासायची वेळ येते. चांगलं सिंथेटिक तेल थोडा वेळ याहून जास्त सोसतं, पण नेहमी सोसवायचं नसतं.

आणि तेल तापतं सावकाश, निवतंही सावकाश. आपल्या पेजेसारखं. वरून निवाली वाटते, मधे जीभ भाजते. पाण्याची सुई खाली आली म्हणून पुन्हा सुसाट निघालं की तेल आधीच १२० वर बसलेलं असतं.

बरं, पाण्याच्या सुईवर तरी भरवसा ठेवावा का? बहुतेक गाड्यांत ती मुद्दाम मंद ठेवलेली असते. ७५ पासून शंभरी ओलांडेपर्यंत ती मधोमधच उभी. दर चढावर सुई हलताना दिसली तर गिऱ्हाईक सर्व्हिस सेंटरला फोन करणार, म्हणून ही सोय. काही गाड्यांत तर सुईच नाही, एक निळा दिवा आणि एक तांबडा. मधलं काहीच नाही! भाच्याची सुई कुंभार्लीत "हलली नाही" यात नवल ते काय. स्टिअरिंगखाली गाडीच्या संगणकाला जोडायचं एक सॉकेट असतं, त्याला ओबीडी म्हणतात. त्याला लावायचं छोटं यंत्र हजारभर रुपयांत मिळतं आणि मोबाईलवर पाण्याचे खरे अंश दाखवतं, काही गाड्यांत तेलाचेही. ट्रॅकवर जाणाऱ्याने टायरांआधी हे घ्यावं.

टर्बोचं थोडक्यात. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. हवा दाबली की ती तापते, सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं तशी. म्हणून वाटेत ती हवा निववायला आणखी एक जाळी असते, तिला इंटरकूलर म्हणतात. ती जाळी तापून गेली की गरम हवा आत जाते. त्या हवेने पेट्रोल अवेळी पेटायचा धोका असतो, म्हणून गाडीचा संगणक स्वतःच ताकद कमी करतो. तिसऱ्या फेरीत गाडी 'आळशी' झाल्यासारखी वाटते ती बऱ्याचदा यामुळे. बिघाड नव्हे, ती स्वतःला वाचवत असते.

मग मोठा रेडिएटर का नाही बसवत?

"कोटी रुपये घेतात आणि एक जाळी मोठी देता येत नाही?" हे मी गॅरेजच्या बाकावर किमान शंभरदा ऐकलंय.

आधी लालपरीचं बघू. कुंभार्ली घाटात खरा ट्रॅक डे असतो तो मालट्रकचा. पंचवीस टन वजन आणि दोनशेच्या आसपास हॉर्सपॉवर. तोच हिशेब मांडला तर पायथ्यापासून माथ्यापर्यंत त्याचं इंजिन पूर्ण ताकदीवर चालतं, अर्धा-अर्धा तास. एसटीचंही थोड्याफार फरकाने तसंच. म्हणून ती वाहनं बांधतानाच 'कायम पूर्ण ताकद' हे गृहीत धरलेलं असतं. पुढचं तोंड म्हणजे अख्खा रेडिएटरच, आणि त्यामागे भलामोठा पंखा.

स्पोर्ट्स कारला तसं तोंड परवडत नाही. जाळीतून आत शिरलेली हवा गाडीला मागे ओढते. तोंड मोठं केलं की वेग कमी आणि पेट्रोल जास्त. पाण्याचं वजन, नळ्यांचं वजन वेगळंच. गाडी हजार दिवस रस्त्यावर आणि चार दिवस ट्रॅकवर जाणार, मग हजार दिवसांचा विचार आधी होतो. जिथे तडजोड करायचीच नाही असं ठरवतात तिथे काय होतं तेही बघा: २००५ साली आलेल्या बुगाटी वेरॉनला १००१ हॉर्सपॉवरसाठी दहा रेडिएटर लागले.

नामांकित गाड्यांचीही या हिशेबात चूक होऊ शकते. शेव्हरोलेट कॉर्व्हेटच्या झेड-०६ या ६५० हॉर्सपॉवरच्या गाडीबद्दल २०१५ आणि २०१६ च्या मॉडेलच्या मालकांनी तक्रार केली, की ट्रॅकवर गाडी तापून ताकद कमी होते. २०१७ साली अमेरिकेत त्यावर खटलाही दाखल झाला. २०१७ च्या मॉडेलला कंपनीने बॉनेटवरची हवा बाहेर जायची वाट मोठी केली होती. त्यात शिकण्यासारखं आहे. हवा आत घेण्याइतकीच ती बाहेर काढणं महत्त्वाचं. घराला पुढचं दार आहे आणि मागचं बंद, तर खारा वारा कितीही सुटो, माजघरात गदमदतंच.

पाणीच नको, बुलेटसारखं हवेवर का नाही चालवत, असंही एकाने विचारलं होतं. चालवत होते की. पोर्शे ९११ ही १९९८ पर्यंत हवेवरच थंड होत होती, तेलाची मदत घेऊन. पण ताकद वाढली, एका सिलिंडरला चार-चार व्हॉल्व्ह आले, प्रदूषणाचे नियम कडक झाले, आणि इंजिनाच्या अंगावरच्या नुसत्या पाकळ्यांवरून (पातळ पत्र्यांवरून) जाणाऱ्या वाऱ्याला ते जमेना.

गॅरेजमधले अक्सीर इलाज

पहिला इलाज, "थर्मोस्टॅट काढून टाक." थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतला आपोआप उघडणारा दरवाजा. इंजिन गार असताना तो बंद राहतो, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो. आमच्याच धंद्यातली माणसं तो सर्रास काढून फेकतात. एक तर मग इंजिन गार राहून झिजतं आणि पेट्रोल पितं. शिवाय बऱ्याच इंजिनांत हाच दरवाजा उघडताना दुसरी आडवाट बंद करतो. तो काढला की काही पाणी रेडिएटरला न भेटताच आडवाटेने परत इंजिनात जातं. लवकर उघडणारा बसवला तरी तो फक्त सुरुवात लवकर करतो. पूर्ण उघडल्यावर दोन्ही सारखेच, मामला रेडिएटरच्या आकारावर येतो.

दुसरा, "मोठा पंखा लाव." पंखा हा ट्रॅफिकसाठी आणि उभ्या गाडीसाठी. साठच्या पुढे वाराच पंख्याहून जास्त आत शिरतो. ट्रॅकवर पंख्याचा उपयोग पिटमध्ये आल्यावर.

तिसरा, "ग्लायकॉल काढ, नुसतं पाणी भर." यात तथ्य आहे. नुसतं पाणी निम्म्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहतं. कोकणात काही ते गोठायचं नाही. शर्यतींत तर बऱ्याच ठिकाणी ग्लायकॉलला बंदीच असते, कारण ट्रॅकवर सांडलं तर निसरडं होतं. पण मग गंज रोखणारं द्रव्य घालावं लागतं, आणि पाणी डिस्टिल्डच हवं. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी भरलं तर बंबाच्या नळीवर जशी पांढरी खपली धरते तशी ती रेडिएटरच्या नळ्यांत धरते. त्या नळ्या आतून काडेपेटीतल्या काडीइतक्या अरुंद असतात. रोजच्या गाडीत कंपनीने सांगितलेलं कूलंटच बरं.

चौथा इलाज खरोखर चालतो, पण कोणाला आवडत नाही. एसी बंद करा, कारण त्याची गरम जाळी रेडिएटरच्या नेमकी पुढे बसलेली असते. आणि हीटर पूर्ण लावा, कारण हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच. मे महिन्यात, काचा खाली, हीटर फुल. घाम फुटेल, पण इंजिन वाचेल.

ब्रेकचं कूलिंग, जे सगळे विसरतात

भरलेली गाडी कुंभार्ली उतरते तेव्हा सगळी उतरण ब्रेकवर घेतली तर जितकी उष्णता डिस्कमध्ये जाईल, तितकी ट्रॅकवर १८० वरून ८० पर्यंत सहा-सात वेळा ब्रेक मारले की जाते. दीड-दोन फेऱ्यांत अख्खा घाट! फरक एवढाच की घाटात आपण गिअरवर गाडी धरू शकतो.

ब्रेक ऑईल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. डॉट-४ दर्जाचं नवीन ऑईल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि ओल शोषलेल्या डॉट-४ ची मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. आमच्याकडे पावसाळ्यात मीठ पाघळतं, पापड मऊ पडतात. ब्रेक ऑईल कसं कोरडं राहील? कंपनी दोन वर्षांनी बदला म्हणते. कोकणात राहून ट्रॅकवर जाणाऱ्याने जाण्याआधीच्या आठवड्यात बदलावं.

"तापली तर लगेच बंद करू ना?"

दिवा तांबडा झाला, वाफ निघतेय, पाणी सांडतंय तर हो, बाजूला घ्या आणि ताबडतोब बंद करा. पाणी नसलेलं इंजिन चालवायचं म्हणजे रिकामा बंब पेटवायचा. पाच वर्षांपूर्वी घाटातून अशीच एक गाडी आली होती. होज पाईप फुटलेला, आणि मालक "माथा जवळच होता" म्हणून चालवत राहिलेला. हेड काढलं, सरळ पट्टी ठेवली आणि खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) सरकवला. ०.१५ मिलीमीटरचं पान लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. हेड वाकलं होतं. चेंबरमधलं तेल दुधाळ कॉफीसारखं झालेलं, म्हणजे पाणी तेलात. एका होज पाईपच्या जागी बिल गेलं साठ हजारांवर.

पण गाडी नुसतीच चांगली तापलेली असेल, दिवा नसेल, तर पिटमध्ये येऊन एकदम चावी फिरवणं चूक. पंप थांबला, पाणी थांबलं, पण धातूतली उष्णता कुठे गेली? चुलीतलं लाकूड ओढलं तरी निखाऱ्यावर भात करपतो. टर्बोचा दांडाही तापलेलाच असतो आणि त्याच्यावरचं थबकलेलं तेल जळून काळी खरवड धरते. म्हणून शेवटची फेरी सावकाश, वरच्या गिअरमध्ये, ब्रेक न लावता. मग आत आल्यावर बॉनेट उघडून मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू. हँडब्रेक ओढायचा नाही. पाणी घालायचं ते तासाभराने, गार झाल्यावर. तापल्या इंजिनात गार पाणी म्हणजे तापल्या काचेवर पाणी.

भाच्याची गाडी

तो त्या दिवशी नशीबवान ठरला. संगणकाने वेळीच ताकद तोडली आणि त्यानेही हट्ट केला नाही. हेड शाबूत होतं. होळीला गुहागरला आला तेव्हा येता-येता गाडी माझ्याकडे टाकून गेला. गाडी ठणठणीत असू शकते असं मी वर म्हटलं. ही बरीचशी होती, पण पूर्ण नव्हती.

पुढचा बंपर काढला. एसीच्या जाळीच्या आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत जांभ्याची लाल धूळ, किडे आणि माडाच्या मोहराचा चुरा यांचा थर बसला होता, ओला होऊन वाळलेला, भिंतीच्या गिलाव्यासारखा. वरून बघणाऱ्याला जाळी स्वच्छ दिसत होती. खालच्या कोपऱ्यातल्या पाकळ्या खाऱ्या हवेने खाल्लेल्या, बोट लावलं की पीठ पडत होतं. घाटासाठी उरलेला रेडिएटर भरपूर होता. ट्रॅकसाठी नव्हता.

पाण्याचा हलका झोत मागून पुढे मारला. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पाकळ्या आडव्या होतात, म्हणून बागेचा साधा पाईप. लाल पाणी किती वेळ निघत होतं! मग नवीन कूलंट, नवीन झाकण, ताजं ब्रेक ऑईल आणि तेलासाठी छोटा वेगळा कूलर. त्याला ताकीद दिली: तीन फेऱ्या जोरात, एक सावकाश. आणि आकडे बघत राहायचे.

गेल्या महिन्यात तो पुन्हा गेला. दुपारी मोबाईलवर फोटो आला: पाणी १०७, तेल १२८. खाली विचारलं होतं, "मामा, अजून एक फेरी मारू?"

मी विचारलं, "बाहेर हवा किती?"

"३६."

"जेवून ये. चारनंतर मार."